फिल्टर कॉफी घरी करायची तर आधी उकळायची सवय सोडा

चहा करणाऱ्या हाताला फिल्टर कॉफी पटकन जमत नाही, हे मी स्वतःवरून सांगते. आपला हात लहानपणापासून उकळायला शिकलेला असतो, पाणी उकळ, पावडर टाक, अजून उकळ, दूध घाल, वर आलं की गॅस बारीक कर आणि परत एक उकळी काढ. चहाला हे सगळं चालतं, आपल्या जायफळाच्या कॉफीलाही चालतं, पण फिल्टर कॉफीला अजिबात चालत नाही. मी पहिल्यांदा फिल्टर विकत आणला तेव्हा तो चक्क गॅसवर ठेवला होता! म्हणजे खालच्या डब्यात पाणी, वर पावडर, आणि आता वाफ वर जाईल म्हणून मी बघत उभी. काहीच झालं नाही, नुसता डब्याचा बूड काळा झाला.

तेव्हा आम्ही चेंबूरला राहायचो आणि समोरच्या दारात एक तमिळ मामी राहायच्या, माहेर तंजावरकडचं. त्यांनी तो काळा डबा बघितला आणि हसल्या नाहीत हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, याला गॅस लागत नाही, याला रात्र लागते. पुढे दोन-तीन वर्षं त्यांच्या ओट्याशी उभी राहून जे शिकले आणि नंतर पुण्यात येऊन स्वतः चुका करत जे कळलं ते सगळं इथे लिहितेय. लांबलचक आहे, पण एकदा हात बसला की रोजचं काम पाच मिनिटांचं आहे.

आधी चव कशी असायला हवी ते बोलू, कारण काय गाठायचंय तेच माहीत नसेल तर वजनं-मापं सांगून काय उपयोग. चांगल्या फिल्टर कॉफीत पहिल्यांदा वास येतो, कप तोंडाजवळ नेतानाच. मग दाटपणा लागतो, आणि कडूपणा येतो तो घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला, तोही थोडा वेळ राहून गोडसर होत जातो. जळका कडूपणा वेगळा, तो पहिल्या घोटालाच घशाला चरचरतो आणि मग साखर कितीही घाला, जात नाही. इन्स्टंट कॉफीत वास पहिल्या मिनिटात उडून जातो आणि मागे नुसतं कडू गोड दूध राहतं. फिल्टरवाली गार होत आली तरी तिला चव असते, मी तरी यावरूनच पारख करते.

डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा दाट अर्क, नुसतं चमच्यावर घेऊन बघायची सवय लावून घ्या. रंग काकवीसारखा, चमचा तिरका केला तर मागे तपकिरी थर राहायला हवा. एक थेंब जिभेवर ठेवा. आंबट लागलं तर नीट उतरलेलं नाही, राखेसारखं लागलं तर एकतर बी जास्त भाजलीय नाहीतर डिकॉक्शन कुणीतरी तापवलंय.

पावडर कुठली घ्यायची

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. पहिली गोष्ट, पाण्यात विरघळते ती इन्स्टंट, तिचा फिल्टरशी काही संबंध नाही. फिल्टरची पावडर म्हणजे भाजून दळलेली बी, ती विरघळत नाही, तिचा चोथा राहतो. दुकानात दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी असतात, काही कंपन्यांची तर नावंही सारखीच असतात, तेव्हा पाकीट उलटं करून वाचा.

वाचताना चिकोरी किती टक्के तेही बघा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावीच लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. त्यामुळे ५३:४७ असं लिहिलेलं पाकीट दिसलं तर समजायचं की अर्ध्याला टेकेल इतकी चिकोरी आहे. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, वाळवून, भाजून, दळून घालतात. आपल्या देशात ती मुख्यतः गुजरातमध्ये आणि उत्तर प्रदेशात पिकते, म्हणजे दक्षिणेची म्हणून ओळखली जाणारी कॉफी निम्मी उत्तरेकडूनही येते म्हणायची. तिच्यात कॅफिन नसतं. पण त्या मुळात इन्युलिन नावाचा पदार्थ भरपूर असतो, भाजल्यावर त्याचा पाकाच्या जळक्या गोडव्यासारखा वास येतो आणि रंगही गडद होतो. शिवाय पाण्यात ती कॉफीपेक्षा बरीच जास्त उतरते म्हणून डिकॉक्शन दाट दिसतं आणि दूध घातल्यावर फिकं पडत नाही.

चिकोरी म्हणजे भेसळ असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. दूध भरपूर घालायचं असेल तर २० टक्के चिकोरी कॉफीला आधार देते, नुसत्या कॉफीचं डिकॉक्शन दुधात जरा पातळ वाटतं. पण ४० च्या वर गेलात की मग कॉफीचा वास मागे पडतो आणि एक लाकडी गोडसर चव सगळीकडे पसरते. कॉफी महाग आणि चिकोरी स्वस्त हे त्यामागचं खरं कारण असतं. नवीन माणसाने ८०:२० ने सुरुवात करावी, एक महिना ती प्यावी, मग १०० टक्के कॉफीचं पाव किलो आणून बघावं आणि आपलं आपण ठरवावं.

बीच्या जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका उंचावर होते, चिकमगळूरच्या डोंगरात, कोडगूमध्ये, निलगिरीत, येरकाडला, वास आणि किंचित आंबूसपणा तिच्यात असतो. रोबस्टा खाली होते, वायनाडला भरपूर, ती कडू, मातकट, दाट आणि कॅफिन जवळजवळ दुप्पट. थोडी रोबस्टा असलेलं मिश्रण दुधाबरोबर चांगलं लागतं, आणि झोप लवकर न येणाऱ्यांनी मात्र ती संध्याकाळी टाळावी. चिकमगळूरचं नाव निघालं की बाबा बुडनांची गोष्ट येतेच, सतराव्या शतकात हजहून परत येताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या असं सांगतात. डोंगराला आज त्यांचंच नाव आहे, बाबा बुडनगिरी.

दळून देणाऱ्या दुकानात गेलात तर 'पीबी' आणि 'प्लांटेशन ए' असे शब्द कानावर पडतील. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात, थोड्या फळांत एकच गोल बी धरते, ती पीबेरी म्हणजे पीबी. गोल असल्यामुळे ती सगळीकडून सारखी भाजली जाते असं म्हणतात. प्लांटेशन ए म्हणजे धुतलेली अरेबिका, मोठ्या आकाराची. दोन्ही अर्धी-अर्धी आणि वर चिकोरी, अशी ऑर्डर देणारी गिऱ्हाइकं माटुंग्याला रोज दिसतात. मुंबईत राहत असाल तर माटुंग्याला एकदा जाच, भाजलेल्या कॉफीचा वास दुकान दिसायच्या आधी येतो. मुंबईला तशी ही कॉफी जुनीच, इंडिया कॉफी हाउसचं पहिलं दुकान १९३६ साली चर्चगेटलाच उघडलं होतं.

दुकानदाराला 'फिल्टरसाठी' एवढंच सांगा, तो बरोबर दळतो. रवा आणि मैदा यांच्या मधलं, बारीक रव्याच्या जवळ जाणारं. घरी मिक्सरवर दळायचा मोह होतो पण मिक्सर अर्धी बी पीठ करतो आणि अर्धी कणी ठेवतो, त्या पिठाने फिल्टरची भोकं बंद होतात. हाताने फिरवायचा ग्राइंडर असेल तर प्रश्नच नाही. आणि एका वेळी पाव किलोच्या वर घेऊ नका, दळलेल्या पावडरीचा वास दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून लांब. फ्रीजमध्ये मी ठेवत नाही, सारखं काढघाल केल्याने आत दमट होतं आणि शेजारच्या लसणाचा वास धरते.

फिल्टर

चार भाग असतात. खालचा डबा ज्यात डिकॉक्शन जमतं, वरचा डबा ज्याच्या तळाला बारीक भोकं, एक दांडीवाली चकती जिला मी छत्री म्हणते, आणि झाकण. बस. यात ना गाळण कागद ना वीज, पाणी आपल्या वजनाने पावडरीतून खाली उतरतं, गुरुत्वाकर्षण काम करतं आणि आपण झोपतो.

स्टीलचा घ्या. पितळेचा दिसायला फार देखणा असतो, कुंभकोणमकडचे पितळी फिल्टर आणि डबरा-टंबलर, म्हणजे पसरट वाटी आणि तिच्यातला पेला, बघून जीव अडकतोच, पण आतून कल्हई हवी आणि ती वेळोवेळी परत करून घ्यावी लागते, आता कल्हईवाला शोधायचा कुठे. हौसेला एक असू द्या.

साइज मात्र नीट निवडा, यात पैसे वाया जातात. लोक विचार करतात की मोठा घेऊ, पाहुणे आले तर बरा. मोठ्या फिल्टरमध्ये थोडी पावडर घातली की तिचा थर पातळ पसरतो, पाणी दोन मिनिटांत भसकन खाली जातं आणि हाती येतं ते तपकिरी पाणी. वरचा डबा पावडरीने तिसरा हिस्सा ते अर्धा भरायला हवा. दोन माणसांना दोन कपाचा फिल्टर, आणि पाहुण्यांसाठी दुसरा मोठा. मामींकडे चार वेगवेगळ्या साइजचे होते, एकात एक बसणारे.

नवीन फिल्टर आणलात तर वरचा डबा उजेडाकडे धरून बघा, भोकं सगळी आरपार आणि सारखी हवीत. स्वस्तातल्या काहींची मोठी असतात, त्यातून चोथा खाली येतो.

रात्रीचं काम

माप दोन कपांचं सांगते. २० ग्रॅम पावडर, आमच्या पोह्याच्या चमच्याने शीग लावून तीन बसतात, पण सुरुवातीला वजन करून बघा कारण प्रत्येकाचा चमचा वेगळा. पाणी १२० मिली. यातून डिकॉक्शन मिळतं ८० मिलीच्या आसपास, कारण पावडर स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते. हे गणित माहीत नसलं की माणूस म्हणतो माझं पाणी कुठे गेलं.

फिल्टर कोरडा हवा, वरचा भाग तर अगदी कोरडा, ओल्या भोकांवर पावडर घातली की तिथेच लगदा होतो. पावडर घाला, डबा हलवून सपाट करा, ओट्यावर एकदा हलकेच आपटा. आता छत्री ठेवून दाबा. किती दाबायचं हा खरा हातगुण आहे. मी असं सांगेन की पोळीची कणीक मऊ झालीय का बघताना बोटाने जितकं दाबतो तेवढं. वजन टाकून दाबलं तर पाणी अडून बसतं, अजिबात नाही दाबलं तर वाट फुटून एकाच बाजूने पळतं. छत्री काढायची नाही, तिथेच राहू दे, म्हणजे वरून ओतलेलं पाणी पावडरीत खड्डा पाडत नाही. काहीजण पावडरीच्या खाली चिमूटभर साखर घालतात, डिकॉक्शन लवकर उतरतं म्हणे, मी करून बघितलं, मला फरक कळला नाही.

पाणी खळखळ उकळा, गॅस बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. उकळतं पाणी सरळ ओतलं तर कडवट उतारा येतो आणि कोमट ओतलं तर आंबट, पातळ. ९२ ते ९६ अंश ठीक असतं पण थर्मामीटर आणायची गरज नाही, मोठे बुडबुडे बसले की ओता. आधी दोन-तीन चमचेच गोल फिरवत घाला, पावडर नुसती भिजेल इतकं. ताजी असेल तर ती फुगते, बारीक बुडबुडे येतात, भाजताना आत अडकलेला वायू बाहेर पडत असतो. बुडबुडे आले नाहीत तर पावडर शिळी आहे असं समजा. अर्ध्या मिनिटाने उरलेलं पाणी हळू ओता, झाकण ठेवा आणि स्वयंपाकघरातून बाहेर जा.

हो, बाहेरच जा. कारण सगळी खाज इथेच सुटते. झाकण उचलून बघणं, छत्री परत दाबणं, चमच्याने ढवळणं, हे सगळं करून मी पहिले कित्येक दिवस चोथ्याचं पाणी प्यायलेय. पहिला थेंब मिनिटभरात पडतो, बहुतेक डिकॉक्शन वीस मिनिटांत उतरतं आणि पूर्ण थांबायला पाऊण तास लागू शकतो. मामी रात्री साडेदहाला लावायच्या आणि पहाटे पाचला त्यांना तयार मिळायचं, म्हणजे रात्र लागते म्हणाल्या ते काही अगदीच खरं नव्हतं, पण त्यामुळे माझा हात फिल्टरपासून लांब राहिला. सकाळी उठून लावलं तरी चालतं, आंघोळीला जायच्या आधी लावा.

पाण्याचंही एक सांगते. पुण्यात आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो आणि ते पाणी जड असतं, किटलीत पांढरा थर बसतो, त्या पाण्याची कॉफी बोथट लागते, वास येत नाही. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा.

सकाळी

दूध ताजं, मलईवालं, आणि एकदाच उकळलेलं. सकाळी उकळलं, दुपारी तापवलं, संध्याकाळी परत तापवलं अशा दुधाला एक शिजका वास लागतो आणि तो कॉफीत लपत नाही. कुंभकोणमच्या डिग्री कॉफीचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्या 'डिग्री'बद्दल दोन गोष्टी सांगतात, एक अशी की दूध शुद्ध आहे का ते लॅक्टोमीटरने मोजायचे आणि त्याची डिग्री ती ही, दुसरी अशी की चिकोरीचं बोलता बोलता 'डिग्री' झालं. मला पहिली आवडते कारण तिच्यात दुधाला मान आहे. ती कॉफी गाईच्या दुधाची. आपल्याकडे म्हशीचं दूध घरोघरी, ते दाट आणि चरबी जास्त, त्यात कॉफीची चव गुदमरते. म्हशीचंच असेल तर अर्धी वाटी पाणी अर्ध्या लिटरला घाला आणि साय बाजूला काढा. सायीचा तुकडा कपात तरंगायला लागला की माझ्या नवऱ्याचा मूडच जातो.

दूध वर येईपर्यंत तापवायचं, चांगलं वाफाळतं हवं, कारण डिकॉक्शन गार झालेलं असतं आणि ते आपण तापवणार नाही. पुन्हा सांगते, डिकॉक्शन गॅसवर ठेवायचं नाही. त्यातला जो वास आपण रात्रभर जपला तो पहिल्या वाफेबरोबर निघून जातो आणि मागे कडूपणा राहतो. फारच गार वाटलं तर डिकॉक्शनची वाटी गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवा, झालं.

आता कप. टंबलरमध्ये आधी साखर, एक सपाट चमचा पुरते, मग डिकॉक्शन ३५ ते ४० मिली, मग गरम दूध १०० ते ११० मिली. म्हणजे ढोबळ हिशेब एकाला तीन. कडक हवी तर एकाला दोन. रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा यायला हवा, पांढुरका दिसला तर डिकॉक्शन कमी. साखरेऐवजी गूळ घालणारे आहेत, छान लागतो पण गरम दुधात घातला तर फाटायची भीती, म्हणून आधी डिकॉक्शनमध्ये विरघळवा आणि दूध थोडं निवल्यावर ओता.

मग ती टंबलरमधून डबऱ्यात आणि डबऱ्यातून टंबलरमध्ये ओतायची. हा नुसता दिखावा नाही. साखर विरघळते, कॉफी पिण्याइतकी निवते आणि फेस येतो. फूटभर उंची पुरे. हॉटेलात हातभर लांब धार काढतात तिला मीटर कॉफी म्हणतात, घरी तसं करायला गेलात तर ओटा पुसत बसाल. तीन-चार वेळा ओतलं की थांबा, जास्त केलं की गारच होते. टंबलरचा काठ बाहेर वळलेला का असतो माहितेय? गरम पेला काठाला धरता येतो आणि ओठ न लावता वरून पिता येतं, उष्टं होत नाही. मामी आयुष्यभर तशाच प्यायल्या, एक थेंब सांडला नाही. मी अजून प्रयत्नच करतेय.

चोथ्यावर दुसऱ्यांदा पाणी घालून निघतं ते सेकंड डिकॉक्शन, पातळ असतं. पाहुणे जास्त झाले तर पहिल्यात थोडं मिसळतात. नुसतं त्याचीच कॉफी पाजणं म्हणजे आपल्याकडे चहाच्या चोथ्यावर परत पाणी घालण्यासारखं, यजमानाची अब्रू जाते.

बिघडलं तर

थेंब पडतच नाही ही तक्रार सगळ्यात जास्त. आधी झाकण जरा सरकवा, काही फिल्टरमध्ये वरचा डबा खालच्यात इतका घट्ट बसतो की आतल्या हवेला जायला वाट नसते, वरचा डबा किंचित उचलून तिरका ठेवला की लगेच टपटप सुरू होते. तरी नाही झालं तर दळण फार बारीक आहे किंवा जास्त दाबलंय, छत्री हलकेच फिरवून सैल करा. चिकोरी जास्त असलेली पावडर भिजल्यावर चिकट होते, ती नेहमीच हळू उतरते, तिथे कमी दाबा.

रोजच असं होत असेल तर भोकं बुजलीत. गरम पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबू घालून तासभर बुडवा आणि बारीक ब्रशने घासा. जुन्या बायका स्टीलचा वरचा डबा उघड्या जाळावर धरून भोकातली पावडर जाळून टाकतात, एकदम मोकळा होतो. पण कल्हईच्या पितळी डब्याला हे चुकूनही करू नका, कल्हई कथिलाची, आणि कथील २३२ अंशाला वितळतं. माझ्या एका मावशीने केलंय, आता त्या डब्यात ती लवंगा ठेवते.

फार पटकन उतरलं आणि फिकं आलं तर दळण जाड आहे, किंवा दाबलं नाही, किंवा फिल्टर मोठा आहे. तेच डिकॉक्शन परत वरून ओतायची आयडिया सुचते, करू नका, कडूच होतं फक्त. पुढच्या वेळी चमचाभर पावडर वाढवा.

दूध फाटलं तर बहुतेक दोष दुधाचा असतो, ते आधीच टेकलेलं असतं आणि कॉफीचा किंचित आंबटपणा शेवटचा धक्का देतो. शिळ्या डिकॉक्शननेही होतं.

वरचा आणि खालचा डबा एकमेकांत अडकले, निघतच नाहीत, तर जोर लावू नका. आतली वाफ गार झाली की हवा आक्रसते आणि ते ओढून धरतात. खालच्या डब्यावर बाहेरून गरम पाणी सोडा, अलगद सुटतात. मी एकदा दोन्ही हातांनी पिरगाळून ओढले होते, स्वयंपाकघराचं छतसुद्धा पुसावं लागलं.

फिल्टरच नसेल, म्हणजे प्रवासात, किंवा परदेशात शिकायला गेलेल्या मुलांचा हा नेहमीचा प्रश्न, तर पातेल्यात पावडर घ्या, त्याच मापाने गरम पाणी ओता, एकदा ढवळा, झाकून सहा-सात मिनिटं ठेवा आणि ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. कर्नाटकात कित्येक घरांत अजून कापडानेच गाळतात आणि ती कॉफी काही कमी नसते. फडकं फक्त कॉफीसाठीच ठेवा, साबणाने धुवू नका, साबणाचा वास दुसऱ्या दिवशी कपात येतो. मोका पॉट म्हणजे गॅसवर ठेवायचं इटालियन कॉफीचं भांडं, त्यातली कॉफी पण दुधात छान लागते, मात्र ती गॅसवरची आहे, चव जास्त तिखट येते, तिला फिल्टर कॉफी म्हणू नका एवढंच.

चोथा बेसिनमध्ये टाकू नका, नळी तुंबते. वाळवून कढीपत्त्याच्या कुंडीत थोडा थोडा घालते मी.

आणि उरलेलं डिकॉक्शन. झाकणाच्या काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये एक दिवस चांगलं राहतं, दुसऱ्या दिवशी चालतं, तिसऱ्या दिवशी फेकून द्या. उन्हाळ्यात गार दूध, साखर आणि बर्फ घालून दुपारी प्या, तिथे तापवायचा प्रश्नच येत नाही. आमच्याकडे अडचण वेगळी आहे. बाबा राहायला आले की दुपारी चारला उठतात, बाटलीतलं डिकॉक्शन पातेल्यात ओततात, दूध, साखर, वर जायफळ किसून घालतात आणि चांगल्या दोन उकळ्या काढतात. मग आवडीने पितात आणि मलाही अर्धा कप देतात. त्यामुळे ते आले की बाटली मी लोणच्याच्या बरणीमागे ठेवते.